आडव्या रेघेच्या उजवीकडे

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा तिकडे बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाचे पाठ्यपुस्तक चाळले, तर प्रकाशक म्हणून बेंगळुरूचा पत्ता सापडतो. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ, शंभर फुटी रिंग रोड, बनशंकरी तिसरा टप्पा. राज्याचे शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण खाते, ज्याला शिक्षक मंडळी नुसते ‘डीएसईआरटी’ म्हणतात, तेही तिथेच आहे. कन्नड, इंग्रजी, उर्दू, हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा सात माध्यमांची पुस्तके इथून निघतात. बनशंकरी म्हटले की कितीतरी देशस्थ घरांना बदामीजवळची कुलदेवता आठवते. बेंगळुरूच्या दक्षिणेकडच्या या वस्तीला नाव मिळाले तेही तिचेच. सोमण्णा शेट्टी नावाच्या भक्ताने १९१५ साली कनकपुरा रस्त्याला तिचे देऊळ उभारले आणि शहर पसरत आले तशी वस्ती, बसस्थानक, मेट्रोचे स्थानक सगळ्यांनी ते नाव उचलले. कोणता शब्द मुलाला कोणत्या इयत्तेत भेटणार आणि त्याचा अर्थ त्याला कसा सांगायचा, हे पाचशे किलोमीटरवरच्या मराठी मुलांसाठी या बनशंकरीत ठरते, ही गोष्ट मात्र महाराष्ट्रातल्या वाचकाच्या सहसा ध्यानात नसते.

उलट्या दिशेनेही असेच चालते. जत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड शाळांची पुस्तके पुण्याची बालभारती काढते. सीमेच्या दोन्ही बाजूंना एका भाषेच्या मुलांचे शब्द दुसऱ्या भाषेच्या गजबजाटात निवडले जातात.

पाठ्यपुस्तकांवरून आपल्याकडे भांडणे काही कमी होत नाहीत. २०२२ साली रोहित चक्रतीर्थ समितीने केलेल्या फेरबदलांवरून कर्नाटकात गदारोळ उठला, तो कोणाचा धडा घातला आणि कोणाचा वगळला यावरून. त्याआधी प्राथमिक शाळेचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच असले पाहिजे, या राज्याच्या १९९४ च्या आदेशावरून वीस वर्षे खटला चालला आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अशी सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला. माध्यम कोणते, धडा कोणाचा, यावर वकिलांपासून साहित्यिकांपर्यंत सगळे बोलले. धड्याखालच्या शब्दार्थांवरून मात्र आजवर कोणी मोर्चा काढलेला नाही. खरे तर मुलाचा त्या पुस्तकाशी सर्वांत रोजचा, सर्वांत निकडीचा व्यवहार त्या चार-पाच ओळींशीच होतो. डावीकडे अवघड शब्द, मध्ये आडवी रेघ, उजवीकडे अर्थ. गुरुजी फळ्यावर लिहितात, मुले वहीत उतरवतात, घटक चाचणीत तेच विचारले जाते.

पुढची पाने या आडव्या रेघेविषयी आहेत. प्राथमिक शाळेतल्या मुलाला शब्दाचा नेमका अर्थ कसा द्यायचा, हा त्यांचा विषय. ‘नेमका’ हे विशेषण इथे वजनाने वापरलेले आहे. अंदाजे अर्थ मुले आपले आपणच काढतात. त्यांना त्यासाठी शाळेची गरज नसते.

अंदाज काढण्याची ही ताकद केवढी असते, ते सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ साली दाखवले. बालवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना बाईंनी सहज सांगितले, तो क्रोमियम रंगाचा ट्रे आण, निळा नको. ‘क्रोमियम’ हा रंग मुलांनी कधी ऐकलेला नव्हता. ट्रे होता शेवाळी हिरवा. मुलांनी बरोबर ट्रे आणला. काही दिवसांनी तपासले तेव्हा एकदाच कानावर पडलेल्या त्या शब्दाचे काहीतरी बऱ्याच जणांच्या मनात उरले होते: तो रंगाचा शब्द आहे, हिरव्या-तपकिरीच्या आसपासचा आहे. पण हिरवा कुठे संपतो आणि हा कुठे सुरू होतो, हे पक्के व्हायला खूप वेळ लागत होता. शब्द पटकन आत येतो, त्याची हद्द सावकाश आखली जाते. शाळेचे काम हद्द आखण्याचे आहे आणि नेमक्या याच कामात आडवी रेघ कुचकामी ठरते.

कुचकामी का, याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्रजीतले आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ साली एका लेखात, कोशातला अर्थ वाचून मुले कशी वाक्ये बनवतात ते मांडले. ‘इरोड’ म्हणजे झिजवणे, पण कोशात त्याच्यापुढे ‘खाऊन टाकणे’ अशा अर्थाचे जे शब्द होते त्यांचा दुसरा अर्थ ‘बाहेर जेवायला जाणे’ असाही होतो. एका मुलाने तोच धरला आणि आपले कुटुंब वरचेवर ‘इरोड’ होते असे लिहून टाकले. दुसऱ्या मुलाने ‘उत्तेजित करणे’ आणि ‘ढवळणे’ यांची सांगड घालून बाईंना सूप उत्तेजित करायला लावले. हसू येते खरे, पण मुलांची यात चूक काय? रेघेच्या उजवीकडे जे होते ते त्यांनी प्रामाणिकपणे डावीकडच्या जागी बसवले.

मराठीत हे रोज घडते. ‘दमट – ओलसर’ असे फळ्यावर लिहिले की दुसऱ्या दिवशी वहीत वाक्य येते: आंघोळ केल्यावर माझे केस दमट झाले. व्याकरणात चूक नाही, शुद्धलेखनात नाही, अर्थ दिला होता तसाच वापरला आहे. तरी कोणताही मराठी माणूस म्हणेल की केस दमट होत नाहीत. का होत नाहीत, हे सांगता सांगता मात्र भल्याभल्यांची त्रेधा उडते.

त्याऐवजी चार फडकी घ्यावीत. एक बादलीतून थेट काढलेले, पाणी निथळणारे. दुसरे पिळून झटकलेले. तिसरे दोन-तीन तास दोरीवर वाळलेले, हाताला जेमतेम गार लागणारे. चौथे आधीच्या आठवड्यात न वाळताच घडी करून फळीवर ठेवून दिलेले. मुलांनी डोळे मिटून हात लावायचा आणि चौथे नाकाशी न्यायचे. चिंब, ओले, ओलसर आणि दमट या चार शब्दांत काय फरक आहे, ते आता कोणाला विचारावे लागत नाही. पाणी किती, हा पहिल्या तिघांमधला फरक. चौथ्यात पाणी मुरलेले आहे, कोंडलेले आहे, त्याला वास आहे. मग खरा प्रश्न विचारायचा: आणखी काय काय दमट असू शकते? भिंत? हो. हवा? हो. खोली? हो. केस? भाकरी? पापड? इथे वर्गात भांडण जुंपते आणि ते जुंपू द्यावे. पापड दमट होत नाही, तो सादळतो, हे कोणीतरी आजीच्या घरात वाढलेले मूल सांगतेच. कोणीच सांगितले नाही तर बाईंनी सांगावे. शब्द कुठे चालतो यापेक्षा तो कुठे चालत नाही, यावर मुलांची जास्त चर्चा होते आणि शब्दाला कुंपण पडते ते याच चर्चेत.

यात एक पोटप्रश्न आहे. खानापूरच्या मुलाला दमटपणा दाखवावा लागत नाही. तिथल्या पावसाळ्यात भिंती, गाद्या, दप्तरे सगळे त्याच अवस्थेत असते, नाव सांगितले की झाले. बेंगळुरूच्या तुलनेने कोरड्या हवेत वाढलेल्या मराठी मुलाला तो अनुभव मे महिन्यात मुंबईला किंवा रत्नागिरीला मामाकडे गेल्यावर येतो. एका मुलाकडे वस्तू आहे आणि नाव नाही, दुसऱ्याकडे नाव पोचले आहे आणि वस्तूच नाही. दोघांना तोच शब्दार्थ देऊन भागत नाही. दोन्ही मुलांचे पुस्तक एकच असले तरी बाई वेगवेगळ्या असतात, ही त्यातली दिलाशाची बाजू.

अर्थ म्हणजे दुसरा शब्द, ही समजूत आली कुठून? तिची मुळे खोल आहेत. पाठशाळेत मुले अमरकोश घोकत, त्याचा अर्थ पुढे कधीतरी लागत असे. एका वस्तूची दहा नावे श्लोकात बांधून तोंडपाठ करणे ही त्या शिक्षणाची पायाभरणी होती आणि छापील पुस्तके नसलेल्या काळात ती शहाणपणाचीच होती. मराठीत या परंपरेचे एक राजकीय अपत्य आहे, ते म्हणजे शिवकाळातला राज्यव्यवहारकोश. दहा वर्गांत मांडलेल्या या कोशाने कारभारातल्या सुमारे १,४०० फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. डबीर झाला सुमंत, सरनौबत झाला सेनापती. तो ज्यांच्या देखरेखीखाली झाला ते रघुनाथपंत हणमंते हे शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या नारोपंतांचे चिरंजीव. म्हणजे बनशंकरीपासून फार दूर नव्हे, आजच्या बेंगळुरूच्या जुन्या पेठांत, मराठी कारभाऱ्याच्या घरात चार-पाच भाषा एकाच ओसरीवर नांदत होत्या. शहाजीराजांच्या दरबारी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीला तर बारा भाषा येत होत्या असे तोच आपल्या चंपूकाव्यात नोंदवतो.

राज्यव्यवहारकोशातली आडवी रेघ चोख चालली, कारण तिथे पद तेच होते, फक्त नाव बदलायचे होते. डबीराचे काम कालपर्यंत जे होते ते उद्यापासून सुमंताने करायचे. वस्तू एक आणि नावे दोन असतील तिथे रेघेइतके सोयीचे साधन नाही. ‘भास्कर – सूर्य’, ‘भार्या – बायको’ यांना ती पुरते. गडबड सुरू होते ती समानार्थी शब्दांची माळ खरोखरच अदलाबदल करण्याजोगी आहे असे मुलाला वाटले की. पाणी, जल, नीर, तोय, उदक, जीवन ही माळ महाराष्ट्रातल्या आणि सीमाभागातल्या प्रत्येक पिढीने पाठ केली आहे. ‘आज नळाला जीवन आले नाही’ असे वाक्य एखाद्या मुलाने लिहिले तर कोणत्या नियमाने चुकीचे ठरवायचे? उदक संध्येच्या पळीत आणि तर्पणात असते, जल तरणाच्या किंवा आशयाच्या आधी लागते, नीर कवितेत. बेळगावच्या मुलाची तर आणखी एक गंमत आहे: त्याच्यासाठी नीर हा कवितेतला शब्द नाहीच. ‘नीरु’ हे कन्नडमधले अगदी साधे, रोजच्या घागरीतले पाणी आहे. मराठी पुस्तक ज्याला काव्यात्म म्हणते ते त्याने बाजारात ऐकलेले असते.

कन्नड आणि मराठी यांच्यामधली ही ये-जा पुस्तककर्त्यांना सतावते तशी उपयोगीही पडते. सतावणाऱ्या जोड्या आधी पाहू. मराठीत अवसर म्हणजे सवड किंवा संधी, कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई, जवळजवळ उलटच. अनुमान म्हणजे आपल्याकडे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष, तिकडे ‘अनुमान’ म्हणजे संशय. विज्ञानाच्या तासाला ‘प्रयोगावरून अनुमान काढा’ अशी सूचना वाचून गल्लीत कन्नड बोलणारे मूल गोंधळले तर त्याला मंद म्हणू नये. ‘अभ्यास’ कन्नडमध्ये सवय किंवा सराव, मराठीत शिकणे. ‘कष्ट’ तिकडे अडचण, इकडे मेहनत. ‘ताई’ तिकडे आई. आणि ‘खाली’! मराठीत ती दिशा आहे, कन्नडमध्ये रिकामेपणा. बेंगळुरूच्या दर्शिनी हॉटेलात ‘खाली दोसे’ मिळतो, म्हणजे बटाट्याची भाजी न भरलेला साधा डोसा. ‘खाली डबा ठेव’ याचा त्या शहरातल्या मराठी मुलाने काय अर्थ घ्यावा, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात कोणती भाषा चालू आहे यावर अवलंबून असते.

पण याच दोन भाषा कित्येकदा एकमेकींच्या बाजूने उभ्या राहतात आणि तेव्हा हिंदी एकटी पडते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड आणि कन्नडमध्येही ‘शिक्षे’ म्हणजे दंडच. हिंदीत उपन्यास असतो, मराठीत कादंबरी आणि कन्नडमध्येही कादंबरीच. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव साहित्यप्रकाराला देणाऱ्या या दोन शेजारणी. संसार म्हणजे हिंदीत जग, या दोघींत घरप्रपंच. टीव्हीवरचे हिंदी ऐकून मराठी बिघडते अशी तक्रार बेंगळुरूतल्या मराठी पालकांत नेहमी असते. त्यांनी कन्नडकडे मदतनीस म्हणून पाहायला हरकत नाही. सीमाभागाच्या पुस्तकात शब्दार्थांशेजारी ‘कन्नडमध्ये हाच शब्द’ असा एक बारीक रकाना टाकणे बनशंकरीत बसलेल्या मंडळाला जितके सोपे आहे तितके पुण्यातल्या कोणालाही नाही. सात माध्यमांचे लेखक तिथे येतात-जातात.

स्वयंपाकघरात हे सहकार्य आणखी ठळक दिसते. चिरणे, किसणे, खवणे, वाटणे, कुटणे, ठेचणे, भरडणे, दळणे, कांडणे: मराठीने पदार्थ बारीक करण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळे क्रियापद दिले. जयनगर-पद्मनाभनगरकडच्या मराठी घरात आज ‘मिक्सरला लाव’ या एका वाक्यात त्यांतली निम्मी गडप होतात. यावर उसासे टाकण्यात अर्थ नाही. उखळ-मुसळ गेले म्हणजे कांडणेही कधीतरी जाणार. पण वाटणे आणि दळणे यांतला फरक जिवंत आहे, कारण ती दोन्ही कामे जिवंत आहेत. भिजवलेले तांदूळ-उडीद वेट ग्राइंडरमध्ये वाटतात, कोरडे गहू गिरणीत दळतात. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला दोन्हींसाठी एकच ‘ग्राइंड’ मिळतो. शेजारच्या कन्नड घरात मात्र ओले वाटायला ‘रुब्बु’, कोरडे दळायला ‘बीसु’ आणि कुटायला ‘कुट्टु’ असे तीन शब्द तितकेच ठाम आहेत. मुलाला कन्नड येत असेल तर मराठीतला हा फरक अर्धा शिकवून झालेला असतो. ज्या घरी आई-बाबांची कन्नड ‘स्वल्प अडजस्ट माडी’च्या (थोडे जमवून घ्या) पुढे गेलेली नसते तिथे शेजारच्या आज्जींना विचारावे लागेल, इतकेच.

नेमकेपणाचा प्रश्न भाषेच्या तासापुरता असता तर एवढी पाने खर्ची घालायचे कारण नव्हते. त्याचा खरा फटका गणितात बसतो. ‘१२ आणि ७ यांतील फरक सांगा’ या प्रश्नाला ‘१२ मोठे आहेत, ७ लहान आहेत’ असे उत्तर आले तर ते मराठी म्हणून निर्दोष आहे. अंक आणि संख्या हे शब्द मोठी माणसे बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतात. ४४ ही संख्या एक, तिच्यात अंक दोन आणि तेही एकच अंक दोनदा, हे कळल्याशिवाय स्थानिक किंमत हा प्रकार मुलाला जादूटोण्यासारखा वाटत राहतो. सगळ्यांत फसवा शब्द ‘शिवाय’. ‘रमाकडे ५ पेन्सिली होत्या, शिवाय तिला ३ मिळाल्या’ इथे बेरीज. ‘निळ्या पेन्सिलींशिवाय रमाकडे किती पेन्सिली आहेत’ इथे वजाबाकी. एकाच शब्दाने दोन विरुद्ध क्रिया करायला लावल्या आणि शब्दार्थांच्या यादीत हा शब्द कधी यायचा नाही, कारण तो ‘अवघड’ दिसत नाही. किमान, प्रत्येकी, उरलेले, पैकी, तरीही, जवळजवळ यांची हीच कथा. मुले उदाहरणात अडतात तेव्हा पुष्कळदा आकड्यांत अडलेली नसतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास मराठी शाळांतल्या विज्ञानशिक्षणात भाषाच कशी आडवी येते, ते अभ्यासून दाखवले होते. त्याला चार दशके होऊन गेली.

शब्द आणि गणित यांच्या सीमेवर महाराष्ट्राने २०१९ साली एक मोठे भांडण पाहिले. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बासष्टच्या जोडीला ‘साठ दोन’ असे वाचन आले आणि मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करून कोट्या झाल्या. समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, या उलटापालटीत लहान मुले अडखळतात. बेंगळुरूतल्या मराठी मुलाला या वादातले काहीच परके वाटले नसते, कारण कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात: वीस आधी, एक मागून. बाजू कोणतीही घ्यावी. या प्रस्तावनेला त्यात एवढेच टिपायचे आहे की संख्यानामाला सुद्धा अर्थ असतो आणि तो आपण मुलांना सांगत नाही. एकोणसाठमधला ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, साठाला एक कमी. हे सांगितले की एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस सगळे एका दमात उलगडतात आणि नव्व्याण्णव तेवढा शिस्त मोडतो, हे शोधून काढण्याची मजा मुलांना मिळते.

मग अर्थ सांगायचा कसा? १९८७ सालीच, मिलर-गिल्डियांचा लेख आला त्या वर्षी, बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली ‘कोबिल्ड’ हा इंग्रजी कोश निघाला. त्याने रेघ पुसली आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यात दिला. शब्द ज्या संगतीत येतो त्या संगतीसकट. मराठीत हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘तुरट – एक चव’ यापेक्षा ‘कच्चे केळे किंवा सुपारी चावली की जीभ आखडल्यासारखी, कोरडी होते, त्या चवीला तुरट म्हणतात’ हे लांब आहे, पण मुलाच्या जिभेवर आहे. त्यातही आवळा आधी खायला द्यावा की केळे, हा विचार करायचा; आवळा आंबटही असल्यामुळे मुले हमखास दोन्ही चवी एकत्र करतात. अमेरिकेत इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन यांनी शब्द शिकवण्याविषयी जे काम केले, त्याचाही भर मुलाला कळेल अशा वाक्यात अर्थ सांगण्यावर आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या प्रसंगांत समोर आणण्यावर आहे. एका भेटीत शब्द ओळखीचा होतो, आपला होत नाही.

मराठीच्या कोशपरंपरेने इथे हात आखडता घेतला आहे, असे म्हणावे लागते. १८२९ साली शास्त्रीमंडळींनी ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ रचला, १८३१ ला मोल्सवर्थचा आला, १९३२ ते ३८ या काळात दाते-कर्व्यांनी शब्दकोशाचे सात खंड काढले. मोठ्यांसाठी एवढी बेगमी झाली. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावा आणि त्याला एकट्याने बसून कळावा अशा कोशाची निवड करायला दुकानात गेले तर फार वेळ लागत नाही, एवढी ती मोजकी आहे.

त्यात भर म्हणजे प्रमाण मराठीतला अर्थ आणि मुलाच्या बोलीतला अर्थ हे वेगळे असू शकतात, ही जाणीव शाळेत उशिरा आली. फलटणमध्ये कमला निंबकर बालभवन उभारणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन मुळात भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या लोकांचे मराठी जात-वर्गानुसार कसे बदलते, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. अमेरिकेतून आलेल्या बाईंनी इथल्या मुलांचे बोलणे आधी कान देऊन ऐकले आणि मग वाचन शिकवण्याची पद्धत बेतली, या क्रमाकडे पाठ्यपुस्तककारांनी लक्ष द्यावे. सीमाभागात हे ऐकणे दुहेरी करावे लागते, कारण तिथल्या मुलाची मराठीही बेळगावी असते आणि तिच्यामागे कन्नडही उभी असते.

साधने नाहीत असे नाही. कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलि-कलि’ सुरू झाली, तिचे नावच हसत-खेळत शिकणे असे आहे. ऋषी व्हॅली शाळेचे काम पाहून आलेल्या शिक्षकांनी ती उभी केली आणि पुढे ती राज्यभर गेली. पहिली ते तिसरीची मुले गटात बसतात, चित्रकार्डे घेतात, आपापल्या गतीने पायऱ्या चढतात. चित्रकार्ड गायीला चालते, विहिरीला चालते. दमटचे चित्र कसे काढणार? तरीहीचे? किमानचे? तिथे कार्ड थांबते आणि बाईंना बोलावे लागते, वस्तू हातात द्यावी लागते, खोटी उदाहरणे देऊन मुलांना ती खोडायला लावावी लागतात. एका वर्गात तीन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंकडे यासाठी वेळ किती असतो, हे त्या वर्गात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे सुचवलेले प्रमाण अगदी बेताचे आहे: आठवड्याला तीन शब्द, जास्त नाहीत. कोणते तीन, ते निवडण्यात मात्र कसर करायची नाही. जो शब्द भाषेच्या धड्यातही येतो, गणितातही येतो आणि परिसर अभ्यासातही, तो आधी. ‘भार्या’ आणि ‘तोय’ यांची पाळी नंतर आली तरी बिघडत नाही.

परीक्षेचा अडथळा उरतो. ‘समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नाला तपासणी सोपी आणि गुण ठरलेले, म्हणून तो हटत नाही. त्याच जागी ‘दमट हा शब्द यांपैकी कशासाठी वापरता येणार नाही: भिंत, हवा, केस, खोली’ असा प्रश्न तितक्याच वेळात तपासता येतो. पुढच्या पानांत अशा प्रश्नांचे नमुने इयत्तावार दिले आहेत. त्यांतले गणिताचे शब्द तिसरी-चौथीसाठी, स्वयंपाकघरातले आणि चवींचे पहिली-दुसरीसाठी आणि कन्नड-मराठी जोड्या पाचवीसाठी. शुद्धलेखन, जोडाक्षरे आणि व्याकरणाच्या संज्ञा यांना इथे हात लावलेला नाही. म्हणी आणि वाक्प्रचारही वगळले आहेत. त्यांचा अर्थ शब्दांच्या बेरजेतून निघत नसल्यामुळे त्यांची शिकवण्याची रीत निराळी आहे आणि तिला स्वतंत्र जागा लागेल.